शेवटच्या रिळातला बर्फ

राइलीला आताशा कशाचाच उत्साह उरला नव्हता. जुने फिनिश सिनेमे साफसूफ करून घरी बघायच्या डिस्कवर काढणारी फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातली ती चिमुकली कंपनी, आणि तिथे तिची उमेद आणि डोळे दोन्ही खर्ची पडले होते. कंपनी नवे सिनेमेही काढायची, पण राइलीच्या वाट्याला यायचं ते जुनंच. चरे, डाग, धूळ, कुणाचा तरी कॅमेऱ्यात अडकलेला केस. बाकीच्यांना सिनेमा दिसायचा, हिला घाण दिसायची.

कंपनीची एक रीत होती. डिस्क दुकानात लागण्याआधी पहिली प्रत त्या सिनेमातलं जे कुणी हयात असेल त्याच्या हातात नेऊन द्यायची आणि त्याच्यासोबत बसून बघायची. एके काळी या कामासाठी ऑफिसात भांडणं व्हायची. आता हयात माणसंही थोडी, आणि जायला तयार अशी एकटी राइली. या खेपेला पाळी हिल्काची होती. सिनेमातली नायिका, आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात.

दारातच तिथल्या मेर्वी नर्सने राइलीला बाजूला घेतलं. "जरा सांभाळून हं. आठवणी दगा देतायत त्यांच्या. परवा स्वतःच्या बहिणीचं नाव आठवेना, तेव्हापासून धसका घेतलाय. शेवटच्या प्रसंगात अचानक खराखुरा बर्फ पडायला लागला, असं सगळ्यांना सांगत सुटल्यात. आम्ही आपलं हो ला हो करतो, ते त्यांना कळतं. आज सगळ्यांना दाखवून देणार आहेत."

"पडतो की बर्फ. मी बघितलाय," राइली म्हणाली.

दिवाणखान्यात सगळी म्हातारी मंडळी कॉफी आणि वेलदोड्याचे पाव घेऊन टीव्हीसमोर बसली होती. हिल्काने ओठ रंगवले होते. "आलीस? तुझ्यापेक्षा मीच टवटवीत दिसतेय गं."

"त्यात काही नवल नाही," राइली म्हणाली आणि तिने मागच्या खुर्चीत अंग टाकलं.

सिनेमा छान दिसत होता. राइलीला दोनदा डुलकी लागली. शेवटचा प्रसंग आला. गाडी निघून गेली, फलाटावर तरुण हिल्का एकटी उरली. हिल्का खुर्चीत ताठ झाली. "आता बघा हं सगळ्यांनी."

पडद्यावरच्या हिल्काने मान वर केली, तळहात पुढे केला आणि खुदकन हसली. वर नुसतं स्वच्छ, करडं आभाळ होतं. एक कणही नाही.

"काय बघतेय ही?" ओलावी नावाचे आजोबा म्हणाले. "कावळा?"

दोघंतिघं हसली. राइलीची झोप पार उडाली. काय झालं ते तिला त्या क्षणीच उमगलं. पांढरा ठिपका एका चित्रात दिसला आणि पुढच्या चित्रात त्या जागी नसला, की साफसफाईचं यंत्र त्याला धूळ समजतं आणि पुसून टाकतं. बर्फही त्याला तसाच दिसतो. म्हणून बर्फापावसाचे प्रसंग आधी हाताने राखून ठेवायचे असतात. जन्मभर तिने ते केलं होतं. शेवटच्या रिळाला मात्र डोळ्यांची आग आग होत होती, म्हणून अख्खं रीळ यंत्राच्या हवाली करून ती घरी सौनात, गरम वाफेच्या खोलीत, जाऊन बसली होती. नंतर नीट तपासलंही नव्हतं.

"पडला होता," हिल्का म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "माझ्या हातावर पडला होता."

"असू दे हो. होतं असं कधीकधी," मेर्वी म्हणाली.

"मग ही आठवण मी कुठून आणली?"

गप्प बसणं सोपं होतं. कुणी राइलीला विचारणार नव्हतं. पण हिल्का स्वतःच्या रिकाम्या तळहाताकडे बघत होती, आणि ते राइलीला बघवेना. ती उठून उभी राहिली. "बर्फ होता. मी पुसला. साफसफाई करताना माझी चूक झाली."

सगळ्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. एकाचाही विश्वास बसला नव्हता. हिल्काने तिचा हात थोपटला. "गुणाची पोर आहेस. पण म्हातारीची समजूत काढायला एवढी मोठी थाप नको मारूस."

बाहेर गाडीत बसून राइलीने मालकाला, यार्मोला, फोन लावला. "शेवटच्या रिळातला बर्फ गेलाय. माझ्यामुळे. डिस्क परत मागवाव्या लागतील."

"खोकी निघालीत दुकानांकडे." यार्मोने उसासा टाकला. "कोण बघतंय गं बर्फ? आपल्या देशात काय बर्फाचा तुटवडा आहे?"

"एक बाई बघतेय," ती म्हणाली आणि तिने ऑफिसची वाट धरली.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन हिल्काच्या खोलीत परतली. त्यात साफ न केलेला, मूळ सिनेमा होता. फलाट आला. पडदाभर चरे आणि पांढरे ठिपके.

"यात तर सगळंच पांढरं आहे," हिल्का कंटाळून म्हणाली. "यातली घाण कुठली आणि बर्फ कुठला?"

"घाण मला ओळखता येते. दुसरं काही येत नाही." राइलीने सिनेमा थांबवला आणि ती एकेक चित्र पुढे सरकवू लागली. "हा ठिपका बघा. पुढच्या चित्रात नाही. ही धूळ. आता हा, तुमच्या टोपीच्या वर. पुढच्या चित्रात जरा खाली आला. आणखी खाली. आता खांद्याशी."

हिल्का पुढे वाकली. तो कण डुलत डुलत खाली आला, पडद्यावरच्या उघड्या तळहातावर टेकला आणि विरघळला. तिथे ती तरुण मुलगी हसली, आणि इथे हिल्काने नकळत आपला हात पुढे धरला होता.

"पुन्हा दाखव."

राइलीने पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा. हिल्का रडत होती आणि डोळे पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. राइलीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"म्हणजे मी आहे अजून," हिल्का म्हणाली. मग तिने आरसा घेतला, ओठांचा रंग ठीकठाक केला आणि पदर खोचल्यासारखा शालीचा शेव खोचला.

"जा, सगळ्यांना बोलाव. आणि तो 'कावळा' म्हणणारा आहे ना, त्याला पुढच्या खुर्चीत बसव."