जिन्याखालची मीटरं

त्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे नॉर्मन हिंडल यांना रोज सकाळी दाढी करताना हमखास आठवायचं. मग हात थांबायचा, गालावरचा फेस वाळायचा आणि ते आरशातल्या माणसाला म्हणायचे, "आज लिहू." आरशातल्या माणसाचा त्यावर विश्वास बसत नसे.

पत्र वीजकंपनीचं होतं. भाषा गोड होती, म्हणून तर जास्त भीती वाटायची. एकट्या माणसाला लागावी त्याच्या चौपट वीज आपण वापरता, असं आमच्या ध्यानात आलं आहे. घरात आणखी कोण राहतं आणि कोणकोणती यंत्रं चालतात ते कृपया महिनाअखेरपर्यंत कळवावं. न कळवल्यास आपला मासिक हप्ता वापराच्या मानाने वाढवणं आम्हाला भाग पडेल. हिंडल यांची सारी हयात गावच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात गेलेली. पत्र हाती येताच त्यांनी पहिल्यांदा त्यातला एक चुकलेला स्वल्पविराम लाल शाईने दुरुस्त केला. मग ते घाबरले.

उत्तर लिहायला ते बसले नाहीत असं नाही. 'माझ्याकडे एक किटली, एक रेडिओ आणि वाचायचा एक दिवा आहे,' एवढं लिहून झालं की शंका यायची. टोस्टर यात धरायचा का? तो बिघडलेला आहे. पण बिघडलेलं यंत्रही यंत्रच. आणि एवढ्याशा सामानावर चौपट वीज जळते म्हटल्यावर वाचणारा काय म्हणेल? म्हातारा खोटं बोलतोय म्हणेल. की कागद चुरगळून टोपलीत.

हप्ता वाढला तर मोरकममधलं हे तळमजल्यावरचं बिऱ्हाड परवडणार नव्हतं. मग राहता राहिली व्हिटबीची बहीण, एडना. तिने खोली देऊ केली होती, पण बजावलंही होतं, "पुस्तकं एक फळी. बाकीची देऊन टाक कुणाला. मला धुळीने शिंका येतात." इथे हिंडल यांच्या घरात पुस्तकांमागे भिंती आहेत हे केवळ ऐकून माहीत होतं. त्यातली कोणती एक फळी न्यायची, हा प्रश्न मनात आला की त्यांची झोप उडायची.

म्हणून त्यांनी काटकसर आरंभली. विजेची शेगडी माळ्यावर गेली. खिडकीशी उजेड असेपर्यंत वाचायचं आणि अंधार पडला की अंगावर दोन ब्लँकेटं ओढून वाचलेलं आठवत बसायचं. बिल ढिम्म हलेना. आपलंच कुठेतरी चुकत असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत त्यांना जन्मात एवढी खात्री वाटली नव्हती.

वरच्या मजल्यावर मेव्हिस एंट्विसल राहायच्या. नवरा गेल्यावर काही बायका विणकाम धरतात. मेव्हिसबाईंनी वीजकंपन्या धरल्या. दर वसंतात टॅबलेट पुढ्यात घेऊन त्या उपवर मुलीच्या बापाने स्थळं पाहावीत तशा कंपन्या पाहायच्या. ह्याचा युनिटचा दर बरा, पण रोजचा ठरीव आकार बघा केवढा! त्याचा गॅस स्वस्त, पण करार मधेच मोडला तर दंड घेतो मेला! एका कंपनीकडे वर्षाच्या वर राहणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. आणि फळही तसंच मिळत होतं. त्यांचं बिल हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबात हातोहात फिरायचं, लोक चष्मे पुसून पाहायचे. गेल्या शरदात हिंडल तीन आठवडे एडनाकडे गेले होते, तेव्हा तर बाईंचं बिल असं कोसळलं की त्यांनी आल्याचा पार्किन केक भाजून गल्लीभर वाटला. "नव्या कंपनीचा पायगुण!" म्हणाल्या. परत आल्यावर हिंडल यांनाही एक तुकडा मिळाला आणि सोबत एक व्याख्यान.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मेव्हिसबाईंनी दार वाजवलं आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट न पाहता उघडलं.

"अहो हिंडल, अंधारात काय बसलात? आहात ना जिवंत?"

"आहे, बाई. वाचत होतो. म्हणजे... मघाशी वाचलेलं आठवत होतो."

"दात वाजतायत तुमचे. थांबा, चहा टाकते." त्यांनी चहादाणी उचलली. तिच्याखाली पत्र होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हा नियम मेव्हिसबाईंना मान्य होता. फक्त तो वीजकंपनीच्या पत्राला लागू नव्हता. "चौपट? चौपट! अहो, तुम्ही इथे पोलाद वितळवता की काय?"

"किटली आहे एक. आणि..."

"आणि कंपनी हीच? राहायला आलात तेव्हापासून हीच? एकदाही बदलली नाहीत?"

"त्यांना सोडतो म्हणून सांगायला कसंसंच वाटतं. इतक्या वर्षांची ओळख."

"ओळख! कधी तुमची विचारपूस केली त्यांनी?"

"थंडीत एकदा पत्र आलं होतं. घर उबदार ठेवा म्हणून."

"म्हणणारच! हलवाई कधी म्हणतो का, गोड कमी खा म्हणून?" बाईंनी हिंडल यांची बिलं मागून घेतली. ती पुठ्ठ्याच्या पेटीत तारीखवार लावलेली होती. बाई वाचत गेल्या आणि त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. "गॅस बघा तुमचा, चिमणीएवढा. आणि वीज हत्तीएवढी. हे काहीतरी भलतंच आहे. गळती आहे कुठेतरी. उठा, चला जिन्याखाली."

जिन्याखालच्या कपाटात छत्र्या, एक मोडका झाडू आणि विजेची दोन जुनी मीटरं होती. ह्या घराची दोन बिऱ्हाडं झाली तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने एक आणि दोन असे आकडे काढले होते. एक हिंडल यांचं, दोन मेव्हिसबाईंचं. बाईंच्या हुकमावरून हिंडल यांनी आत जाऊन आपल्या घराचं मुख्य बटण बंद केलं आणि परत येऊन बॅटरी धरली. काचेमागे एक नंबरची चकती गरागरा फिरत होती.

"बघा! घरात सगळं बंद आणि ही फिरतेय भोवऱ्यासारखी. म्हटलं नव्हतं मी?" बाई खूश झाल्या. "थांबा, वरून टॅबलेट घेऊन येते. आत्ताच्या आत्ता तुमची कंपनी बदलून टाकू. इतका माल खाणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणीही पायघड्या घालील."

त्या गेल्या. हिंडल एकटेच वाकून उभे राहिले. वरून धप्‌ धप्‌ आवाज येत होता. मेव्हिसबाईंचं कपडे वाळवायचं यंत्र चालू असलं की नेहमी येतो तसा. त्यांनी सहज बॅटरी दोन नंबरकडे वळवली. दोन नंबरची चकती झोपली होती.

फार पूर्वी, वर्तमानपत्रात असताना, एकदा महापौर आणि बक्षीस मिळवलेला मेंढा यांच्या फोटोंखालच्या ओळी उलटसुलट झाल्या होत्या. छपाई सुरू व्हायच्या आधी ते एकट्या हिंडल यांच्या लक्षात आलं होतं. आत्ता त्यांनी बॅटरी पुन्हा एक नंबरकडे वळवली. वरची धपधप थांबली. एक नंबरची चकती लगेच मंदावली आणि आळस दिल्यासारखी सरकू लागली.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पण ह्या चोराला आपण चोर आहोत हेच ठाऊक नव्हतं. सांगावं, तर बाईंचा क्लबातला मान एका दुपारी मातीत जाणार. न सांगावं, तर व्हिटबी आणि एक फळी.

"थांबली का? नुसत्या माझ्या धाकानं!" मेव्हिसबाई टॅबलेट घेऊन उतरल्या. "हे बघा, सगळं भरलंय. इथे 'होय' वर बोट ठेवा, की झालात मोकळे."

हिंडल यांनी बोट पुढे केलं. कंपनी बदलली तरी फिरणारी चकती हीच राहणार होती. बोट हवेत राहिलं.

"बाई," ते छत्र्यांकडे पाहत म्हणाले, "जरा वर जाऊन किटली लावता का?"

"आता? चहा हवा तर खाली करते की."

"चहा नको. नुसती लावा. मी सांगितलं की बंद करा."

त्यांच्या आवाजात काहीतरी असावं, कारण बाई लगेच वर गेल्या. "लावली!" वरून ओरडल्या. एक नंबर उसळली. "बंद करा!" हिंडल ओरडले. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चकती बसली. "पुन्हा लावा!" उसळली.

"अहो, हा काय खेळ मांडलाय?"

"आता तुम्ही खाली या. मी वर जातो."

मेव्हिसबाईंच्या घरात ते पहिल्यांदाच शिरत होते. आत उन्हाळा होता. रंगीत माशांची पेटी गुणगुणत होती, टोमॅटोच्या रोपांवर दोन प्रखर दिवे होते आणि भिंतीशी शेगड्या तापलेल्या होत्या. हिंडल यांचा चष्मा धुकटला. इतकी वर्षं आपण ही ऊब भरत आलो, हे त्यांना रागापेक्षा नवलाचंच जास्त वाटलं. त्यांनी किटलीचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. 

ते उतरले तेव्हा बाई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या.

"म्हणजे माझं बिल कमी येत होतं ते..."

"मी अंधारात बसायचो म्हणून. बहुतेक. मी चुकतही असेन."

"चुकत काय असाल! डोळ्यांनी पाहिलं ना आत्ता." त्यांनी टॅबलेट उलटा ठेवला. "आणि मी पार्किन वाटला हो! तुम्ही बहिणीकडे गेलात, इथे दिवा लागला नाही, आणि मी गल्लीभर पार्किन वाटला!"

"छान झाला होता."

"दया दाखवू नका, मला ताप येतो दयेनं."

हिंडल यांनी कपाटाचं दार लोटलं. मग अगदी हळू म्हणाले, "एक मात्र आहे, बाई. दोन नंबरवर माझी वीज मोजली जात होती. म्हणजे तुम्ही दर वसंतात कंपनी बदललीत ती माझ्या विजेची. मी मोरकममधल्या झाडून सगळ्या कंपन्या फिरून आलो. मला पत्ताच नाही."

मेव्हिसबाईंनी मान वर केली.

"आणि मी?"

"तुमची वीज पहिल्यापासून माझ्या कंपनीकडे. एकदाही हलली नाही."

क्षणभर बाई रडणार असं हिंडल यांना वाटलं आणि रुमाल कुठल्या खिशात आहे ते ते चाचपू लागले. पण बाईंच्या घशातून आला तो हसण्याचा आवाज. त्या हसल्या, कठडा धरून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. "गल्लीतलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक मी! त्याच कंपनीची! आणि क्लबात लोक माझा सल्ला घेतात!"

"क्लबात सांगायलाच हवं असं नाही."

"न सांगून जाईन कुठे? दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगेन, आणि असं सांगेन की हेवा करतील." मग चेहरा उतरला. "पण मला मागचं भरावं लागेल, नाही का हो? डोंगर येईल बिलाचा."

"आधी त्यांनी माणूस पाठवून तारा सरळ करायला हव्यात. हिशोब मग. हप्ते करून देतात म्हणे. आणि घासाघीस तुमच्याइतकी कोण करतं?"

"ते खरं," मेव्हिसबाई म्हणाल्या आणि उठल्या. "चला, कागद काढा. दोघांच्या कंपन्यांना कळवायला हवं. माझ्या कंपनीला मी फोनवर घेते. तुमच्या पत्रात लिहा, की ही घोर बेपर्वाई आहे, आणि तुमच्या नुकसानीबद्दल आम्ही कोर्टाची पायरी..."

"नाही, बाई."

"नाही म्हणजे?"

"मी लिहितो माझं."

त्यांनी घराचं मुख्य बटण पुन्हा चालू केलं, शेगडी माळ्यावरून उतरवली, वाचायचा दिवा लावला आणि बसले. महोदय, मी एकटाच राहतो. माझ्याकडे एक किटली, एक रेडिओ, एक दिवा आणि एक बिघडलेला टोस्टर आहे. आपण मोजता ती वीज माझ्या वरच्या बिऱ्हाडाची आहे आणि माझी वीज दुसरी कंपनी मोजते; तारा घालतानाच त्यांची अदलाबदल झाली असावी. कृपया तपासणीला माणूस पाठवावा. तोवर माझा हप्ता वाढवू नये. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी 'शक्य असल्यास' असं घातलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि खोडलं. मेव्हिसबाई पाठीमागून वाचत होत्या. "फार सौम्य आहे," म्हणाल्या. कागद मात्र बदलायला लावला नाही.

पाकिटावर कोणतं तिकीट लावायचं यावरून दारात पुन्हा वाद झाला. "दुसऱ्या दर्जाचं लावा. दोन दिवस उशिरानं काय बिघडतं? केवढा फरक आहे भावात!"

"पहिल्या दर्जाचं," हिंडल म्हणाले.

खाडीवरून बोचरा वारा येत होता. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत बाई त्यांच्या बरोबर गेल्या, टोपी एका हाताने धरून, तिकिटाचे दर सांगत. हिंडल यांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि थांबले. पत्ता पुन्हा एकदा वाचला.

"टाका हो," मेव्हिसबाई म्हणाल्या. "गारठले मी."

त्यांनी बोटं सोडली.