बायकी बाजूची बटणं

दुसरं बटण. गळ्यापासून दुसरं, एका दोऱ्यावर लोंबणारं — मार्लीनने चष्मा कपाळावर सारून रेकॉर्डचं जुनं कव्हर नाकापाशी नेलं तेव्हा फोटोतल्या बटणाचे नुसते करडे-काळे ठिपके झाले, आणि चष्मा खाली घेतल्यावर पुन्हा बटण. बाजू मात्र तीच, बायकी. पुरुषाच्या शर्टाची पट्टी असते त्याच्या बरोबर उलट. घड्याळही उजव्या मनगटावर, आणि भुवईतली जखमेची खूण, तीही उजव्या भुवईत...

लापशी गार होऊन वाटीला धरली होती. शेजारी संग्रहालयातून आलेला कागद: प्रदर्शनात या कव्हरखाली लागणारा मजकूर. दुपारी बारापर्यंत होकार कळवायचा, मग तो छापायला जाणार. ‘मांडणीकार मार्लीन डुबिकी यांनी गायक वेंडेल रस्कचा फोटो जाणीवपूर्वक उलटा छापला. बायकी बाजूची बटणं, जागा बदललेली खूण — दुभंगलेल्या मनाची ही चित्रभाषा...’ चित्रभाषा! टोलेडोच्या छापखान्यात बत्तीस वर्षं तिने किराणा दुकानांच्या जाहिराती चिकटवल्या, टर्कीचे भाव आणि सूपचे डबे. रॉकचं कव्हर आयुष्यात एकच, तेही वेंडेल ओळखीचा म्हणून. तिच्या नावाला एवढा भारी शब्द कुणी कधी लावला नव्हता, आणि तो तिला आवडला होता. खोटं कशाला बोला, फार आवडला होता.

पण ती चूक होती. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद, आणि डोळे मिटूनही बोटाला फरक कळतो. त्या दिवशी कळला नाही. चारला कव्हरचं काम घेऊन गाडी निघायची होती, आणि वेंडेल काचेच्या टेबलाला रेलून उभा होता, इतका जवळ की... बोटांना काय कळणार होतं, कपाळ!

चूकच. मग छपाईआधी तपासायला प्रूफ आलं तेव्हा? प्रूफवर सही मीच केली ना? वेंडेल वाकून बघत होता, आणि एकदम हसला. “अगं, पहिल्यांदाच मी माझ्यासारखा आलोय!” साहजिकच; रोज दाढी करताना त्याला आरशात हाच चेहरा दिसायचा. हे तो बोलला ते सहीच्या आधी की नंतर? नंतर असेल तर मी गाढव. आधी असेल तर मला उलटी बटणं दिसली होती, आणि तो खूश झाला म्हणून मी गप्प बसले... सत्तेचाळीस वर्षं ती हा प्रसंग आठवत होती आणि दर वेळी पेन वेगळ्या जागी असायचं, कधी हातात, कधी कानामागे.

रेकॉर्ड दुकानात आली त्या आठवड्यात त्याची आई, ओपल रस्क, कव्हर कागदी पिशवीत घालून छापखान्यात आली होती. “पोरी, हा माझा वेंडेल नाही गं. खूण डाव्या भुवईला आहे त्याच्या. टाके घालताना मी हात धरून बसले होते.”

“कलेत असं करतात, मिसेस रस्क,” मार्लीन म्हणाली होती. अख्खा छापखाना ऐकत होता.

त्या हिवाळ्यात बर्फावरून व्हॅन घसरून वेंडेल गेला, आणि वर्तमानपत्रांनी छापला तो हाच फोटो. तेव्हाही मार्लीनने चूक सांगितली नाही.

अकराला फोन वाजला. संग्रहालयातली कोरीन.

“मार्लीन, वाचलंत का? एक शब्द बदलू नका हं, आमचे साहेब फिदा आहेत!”

“आणि चुकून झालं असेल तर?”

“अहो, अशी चूक व्हायलाही नशीब लागतं! थट्टा पुरे.” कोरीन खळखळून हसली. “बरं, ओपलबाई येणार आहेत उद्घाटनाला. ब्याण्णव वर्षं, चाकाच्या खुर्चीतून. म्हणाल्या, मला पोरगा भिंतीएवढा बघायचाय.”

फोन ठेवल्यावर मार्लीन कव्हर घेऊन न्हाणीघरात गेली. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने ते छातीशी धरलं आणि आरशात पाहिलं.

बटणं पुरुषी झाली. घड्याळ डाव्या हातावर गेलं, खूण डाव्या भुवईत. ओपलचा मुलगा. हसणं जरा तिरकं, जबडा बोजड, आणि डोळे... कोण होता हा? शेजारच्या टेबलावर बसून त्याने माझ्या डब्यातलं सँडविच खाल्लं होतं, कितीदा तरी, समोरासमोर, याच चेहऱ्याने. मग तो मला आठवत का नाही? इतकी वर्षं ज्याच्याशी मनात बोलत आले तो कव्हरवरचाच का, आरशातला, फक्त त्याचा त्यालाच दिसणारा?

“हा माझा वेंडेल नाही,” ती हळूच म्हणाली, आणि बोलताबोलताच तिला कळलं की हे वाक्य आपण आधी ऐकलेलं आहे.

बाराला अजून बराच वेळ होता. तिने कव्हर थोडं खाली घेतलं, परत वर धरलं. खूण डाव्या भुवईतच होती.