अर्थ सांगणारा

हिलाल सुरतेच्या नवागामात राहून तीस वर्षं कापडाचे लूम चालवत होता आणि या तीस वर्षांत त्याचं म्हणणं कुणी कान देऊन ऐकलं नव्हतं. कारखान्यात तर ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तिथल्या खडखडाटात माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. घरी बायको उषाबाई होती आणि तिच्यापुढे तोंड उघडायची त्याची टाप नव्हती. राहता राहिली ती पोथी.

पोथी त्याच्या आज्यानं हातानं उतरवून घेतलेली, पुढच्या काळाची भाकितं सांगणारी. शिरपूरकडच्या कुण्या साधूची होती म्हणे. सुरतेत आला तेव्हा हिलालनं दोन पातेली आणि ही पोथी एवढंच बरोबर आणलं होतं. दर आठवड्याला एका संध्याकाळी सोसायटीच्या मोकळ्या कॉमन प्लॉटात ती लावायची त्यांची पद्धत होती. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचायचा वाल्मिक. भाजीची लारी, हातगाडीच ती, लावणारा माणूस, पण गळा असा की रस्त्यानं जाणारा थबकावा. अर्थ सांगायचा हिलाल. ऐकायला पाच-सात म्हाताऱ्या, त्यांतल्या दोघी बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या.

मग त्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली आणि म्हाताऱ्यांची झोप उडाली.

सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर विमानं आणि धुराचे लोट. संध्याकाळी सायरन वाजणार, अर्धा तास लाइट बंद ठेवायचे, सराव आहे, असं महापालिकेची गाडी सांगून गेली. सराव हा शब्द कुणाच्या कानात शिरलाच नाही. दिवेलागणीला कॉमन प्लॉटात दीडशे माणूस जमला, कारण वाल्मिकनं दुपारीच पोथीतली एक ओवी सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिली होती. आता तीच त्यानं मोठ्यानं लावली:

पश्चिमे उठेल अग्नीचा लोळ ।
सूर्यकन्येतीरी माजेल कल्लोळ ।
घरे टाकोनि धावेल सकळ ।
लोक रानोमाळ ॥

सगळ्या माना हिलालकडे वळल्या. काल ज्याला पोरंसोरं ‘हिल्या’ म्हणत होती, त्याला आज कुणीतरी ‘महाराज’ म्हणालं. हिलालच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला सांगा, त्याला त्या घटकेला लढाई आवडली.

त्यानं घसा साफ केला. पश्चिम म्हणजे सीमेपलीकडचा मुलूख, तो पेटलाच आहे. सूर्याची कन्या म्हणजे तापी. तापीच्या तीरावरचं मोठं शहर कोणतं? सुरत. त्यानं पोथी उचलून ओवीशेजारचा समास दाखवला. आज्याच्या अक्षरात ‘सन १९६५, खरे ठरले’. खाली बापाच्या अक्षरात १९७१. त्याखाली हिलालनं स्वतः लिहिलेलं १९९९. आज त्यानं सगळ्यांदेखत वाल्मिककडून पेन मागून चौथी ओळ लिहिली. पोथी चार वेळा खरी निघाली, याउपर आणखी काय पुरावा पाहिजे?

तेवढ्यात सायरन वाजला आणि दिवे गेले. बायांनी पोरं पोटाशी धरली. त्या अंधारात लक्ष्मण उठून पुढे आला. हा नांदुऱ्याकडचा पोरगा, हिलालच्याच कारखान्यात रंगाच्या बाजूला कामाला, लग्नाला सात वर्षं झालेली.

"काका, सुमनले नववा लागला," तो म्हणाला. "डाक्टरीनबाई म्हणे, वार खाली सरकली आहे, प्रवास अजिबात करू नका. दवाखान्यात नाव लिहेल आहे. पण आता तुमी हे सांगता. मंग नेऊ काय तिले गावाले?"

डॉक्टरीण सांगते तसं कर, एवढंच म्हणायचं होतं. शब्द हिलालच्या ओठांवर आलेही होते. पण समोर अंधारात दीडशे माणसं श्वास रोखून बसली होती, आणि डॉक्टरणीचं खरं म्हटलं असतं तर पोथीचं काय राहिलं असतं? आणि पोथीचं नाही राहिलं, तर त्याचं तरी काय?

"लिहिलेलं टळत नाही," तो म्हणाला. "शहर सोड. ने तिला."

घरी उषाबाई भाकरी थापत होती. तिच्या कानावर सगळं आधीच आलं होतं.

"चार येळा खरी व्हयनी ना पोथी?" तिनं वर न बघता विचारलं. "मंग सुरत कितला येळा जळनी?"

हिलालनं पोथी फळीवर ठेवली.

"लढाई तं दहा-पंधरा वरीसमा एकदाव व्हसच. त्यामा पोथीनं काय? आनि तापी तं आपला गावलेबी शे. तठे काय आग लागस नही का?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्या पोरीले जाऊ देवू नका. आत्तेच जाईसन सांगा."

"लोके काय म्हनतीन?"

"लोकेसनं जाऊ द्या. तिन्हा पोटमा जीव शे."

सकाळी सांगतो, असं म्हणून हिलालनं वेळ मारून नेली. सकाळी पाळीवर जाताना तो मुद्दाम लक्ष्मणच्या गल्लीवरून गेला, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. रिक्षा दारात उभी होती. सुमन कंबरेवर हात ठेवून, एकेक पाऊल मोजत बाहेर येत होती. सात वर्षांनी राहिलेलं पोट. तिनं हिलालला पाहिलं आणि रिक्षाची दांडी धरून तिथूनच वाकून नमस्कार केला. हिलालनं आशीर्वादाचा हात वर केला. तोंडानं मात्र तो काही बोलला नाही. रिक्षा उधनाच्या स्टेशनकडे वळली, तेव्हाही हाक मारता आली असती.

जनरल डब्यात बसायला जागा मिळाली ती नंदुरबारच्या पुढे, आणि तोवर सुमनच्या अंगावरून रक्त जायला लागलं होतं. अमळनेरला लोकांनी तिला उचलून खाली घेतलं. तिथून जीपनं धुळ्याला नेलं. मुलगा होता. तो पोटातच गेला. सुमनला वाचवायला डॉक्टरांनी गर्भपिशवी काढून टाकली.

आणि तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी लढाई थांबली. सुरतेत साधी काच फुटली नाही. गावाला पळालेली माणसं आंब्यांच्या पिशव्या घेऊन परत आली आणि कामाला लागली.

धुळ्याची बातमी हिलालपर्यंत पोचली होती. आता लोक विचारतील, महाराज, सुरत कुठे जळली? तो त्या प्रश्नाची वाट बघत होता, तो विचारला जावा असंच त्याला वाटत होतं. पण कुणी विचारलाच नाही. उलट वाल्मिक एक दिवस धापा टाकत आला. त्यानं पोथी आपल्या घरी नेऊन रात्रंदिवस चाळली होती आणि त्याच अध्यायात, कुणी कधी लक्ष न दिलेली एक ओवी त्याला सापडली होती. वाटेवर मातांचे गर्भ सांडतील, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं.

"हिलालभाऊ, कशाचा विचार करतोस? पोथी अक्षर न अक्षर खरी आहे!"

आपण ‘ने’ म्हणालो नसतो तर ही ओवी खरी कशी झाली असती, हे या माणसाला सांगायचं तरी कसं?

वीस दिवसांनी लक्ष्मण सुमनला घेऊन परतला. हिलाल त्यांच्या खोलीवर गेला. लक्ष्मणनं धावत येऊन त्याचे पाय धरले.

"काका, पोथीत होतंच ते. आमी तरी काय करणार होतो?"

"पोथीनं काही केलं नाही, लक्ष्मण. ‘ने’ म्हणून मी सांगितलं. माझी चूक झाली."

"असं नका म्हणू!" लक्ष्मण जवळजवळ ओरडलाच. "पोथी खोटी असंन, तर मंग मीच मारलं ना माह्या लेकराले? मीच नेलं ना तिले?"

तेव्हा खाटेवरून सुमन बोलली. इतके दिवस ती कुणाशी बोललीच नव्हती, असं शेजारणी सांगत होत्या.

"काका, हे चार लोकांत सांगा. मले रोज बाया येऊन सांगतात, लिहेलच होतं बाई, लिहेलच होतं. लिहेल नव्हतं म्हणून सांगा. एवढंच करा मायासाठी."

हिलालनं तिला शब्द दिला.

त्या संध्याकाळी कॉमन प्लॉट फुलून गेला होता. शहराच्या दुसऱ्या भागांतून, कतारगामहून, भेस्तानहून माणसं आली होती. पोथीला नवं रेशमी वस्त्र आलं होतं. लक्ष्मण सुमनला धरून घेऊन आला आणि दोघं पुढेच बसले. वाल्मिकनं गोड गळ्यानं नवी ओवी लावली:

वाटे सांडतील मातांचे गर्भ ।
हाती न मिळेल पिंडासी दर्भ ।

गर्दीतून हुंदका फुटला. हिलाल उठून उभा राहिला.

"थांब, वाल्मिक. याचा अर्थ मी सांगतो." आयुष्यात पहिल्यांदा त्याला आवाज चढवावा लागला नाही, इतकी शांतता पसरली. "याला काही अर्थ नाही. सुरत जळली नाही. मागेही कधी जळली नव्हती. तरी आम्ही समासात खरं ठरलं म्हणून लिहीत आलो. या पोरीला डॉक्टरणीनं जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी जा म्हणालो. मला मोठेपणाची चटक लागली होती. तिचं पोर पोथीनं नेलं नाही, माझ्या जिभेनं नेलं. मला काही कळत नाही. इथून पुढे मला अर्थ विचारू नका."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आता लोक शिव्या देतील, कुणी अंगावर धावून येईल, आणि ते बरंच होईल, असं त्याला वाटलं. पण लोक वाल्मिककडे बघत होते. वाल्मिक पोथीवर वाकलेला होता. त्याचं बोट ओवीच्या पुढच्या ओळीवर टेकलं होतं. त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं उरलेली ओवी वाचली:

ज्ञानियांचा गळेल गर्व ।
सर्वांदेखत ॥

मग एक म्हातारी हात जोडून ओरडली, "खरी शे रे माय, पोथी खरी शे!" आणि गर्दी उठली. हिलाल नको नको म्हणत मागे सरकत होता. तो पाय ओढून घेई, तसे लोक त्याच्या पायांवर अधिकच पडत. सगळ्यांत आधी पडला तो लक्ष्मण.

सुमन जागची उठली. गर्दीत तिला कुणी वाट दिली नाही, म्हणून ती तिथेच उभी राहिली, हिलालपासून दोन हातांवर.

"तुमी खरं बोलले काका," ती म्हणाली. "पण आता तेही पोथीचंच झालं. मायं काय राह्यलं?"

तिचं बोलणं हिलालशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही.