गडगडीचा दांडा

सेवकरामची पोर तुम्ही मारली, साहेब, आणि नाव लावलं आनंदरावचं. हे आधी होऊन जाऊ द्या. गडगडीचा इतिहास मागून.

तुमच्या पाटीवर तिचं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण गाव तिला गडगडीच म्हणायचं. लाखनीहून आत गेलं की मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, तलाव लागतो, आणि तलावाच्या पाळीला लागून त्याची बाग. इंग्रजांच्या काळात या मालगुजारानं कलकत्त्याच्या प्रदर्शनात उंचावरून खाली धावणारी गाडी पाहिली आणि तिनं त्याला झपाटलं. बंद पडलेल्या मँगनीज खाणीचे रूळ आणि डबे त्यानं बैलबंड्यांवर आणवले, पाळीच्या उतारावर सागाचे खांब रोवले. डबे वर ओढायला बैल होते. खाली मात्र ते स्वतःच्या मर्जीनं यायचे. म्हणून शेवटच्या डब्यामागं फळीवर एक माणूस उभा लागे, हातात धावड्याचा जाड दांडा. दांडा दाबला की लाकडी ठोकळा चाकाला घासायचा आणि गाडी आवरायची.

त्या फळीवर उभं राहायला मालगुजाराच्या घरचं कोणी धजेना. मग महारवाड्यातून आनंदरावच्या बापाला बोलावणं गेलं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच्या हातात सगळ्यांनी जीव दिला, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं मालगुजारी गेली, बाप छप्पन साली बौद्ध झाला, बाग सरकारात जमा झाली आणि पुढं तुम्ही तिचे साहेब होऊन आलात. फळीवर बापाच्या जागी आनंदराव आला, एवढाच फरक.

सुमनबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला गडगडीत बसवलं. ती अशी किंचाळली की बैल बुजले. "सुनेचा आवाज चांगला हाये," म्हातारा म्हणाला, "भांडणात कामी येईन." आनंदराव मागं दांडा धरून हसत होता. त्या दिवशीपासून तिला नवऱ्याच्या हाताचा भरवसा बसला.

एकोणऐंशी सालची मंडईची जत्रा. दिवाळी झाली होती, गावोगावचे पाहुणे आले होते, बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. सुमनबाई नवऱ्याच्या जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो तुमच्यासमोर उभा होता.

"साहेब, दांडा चिरला हाये. आज गाडी नोका चालवू."

"मंडईच्या दिवशी? वरून पाहुणे येताहेत. मंडई झाली की नवा बसवू."

"अन् आजच तुटला तं?"

"तुला भीती वाटत असेल तर घरी जा. डोमाला उभा करतो."

डोमा बैल हाकायचा. फळीवर तो कधी चढलाही नव्हता.

"अजी, चला घरी," सुमनबाई म्हणाली. "काय करायचं ते करू द्या त्याईले."

"डोमा उभा राहिला तं सगळेच तलावात जातीन वो," आनंदराव म्हणाला. "मी असलो तं सांभाळून घेईन."

चूक म्हणाल तर हीच त्याची चूक. आपल्या हातावर त्याचा फार विश्वास होता.

दुपारी तलावाकडच्या वळणावर दांडा मोडला. शेवटचा डबा रूळ सोडून खाली आपटला. त्यात सेवकरामची वच्छला होती, ओच्यात उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेली. ती जागीच गेली. आनंदरावचा खांदा निखळला. संध्याकाळच्या आत तुमचा जबाब तयार होता: फळीवरचा इसम दारू प्यालेला होता, त्यानं दांडा सोडून दिला, डबा आपटल्यानं दांडा मोडला. आनंदराव दारूला शिवत नव्हता हे गावातलं शेंबडं पोर सांगेल.

सुमनबाई ठाण्यात अटकेतल्या नवऱ्याला जेवण पोचवायला गेली तेव्हा मागच्या अंगणात, चिंचेखाली, गडगडीचे डबे आणि दांड्याचे दोन तुकडे पडलेले तिला दिसले. ती वाकली. मोडलेली जागा अर्धी काळी होती, तेल आणि धूळ आतपर्यंत मुरलेली. उरलेली अर्धी ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी. जळतण फोडणाऱ्या बाईला हे काय सांगावं लागतं? काळी ती जुनी चीर. पांढरी ती आजची.

वकील मधुकररावांनीही पाहिलं. "बाई, हे लाकूडच तुमच्या नवऱ्याला सोडवेल," ते म्हणाले.

मग तारखा सुरू झाल्या. कधी तुम्ही रजेवर, कधी तुमची बदली, कधी कोर्टालाच सुटी. प्रत्येक तारखेला ती आधी चिंचेखाली जायची. पहिल्या पावसाळ्यानंतर पांढरा भाग पिवळट झाला. तिनं खताची रिकामी थैली आणून वर पांघरली. शिपायानं ती ओढून फेकली.

"मुद्देमालाले हात नाही लावाचा, बाई."

"भिजून राहिलं ना, बापू. छपरीत तं ठेवा."

"लाकूडच हाये. लोणचं थोडी हाये?"

ठाण्याची माणसं हसली. पुढच्या वर्षी पिवळट भाग राखेच्या रंगाचा झाला. मग त्यावर बुरशी आली. सुमनबाईच्या डोळ्यांदेखत ती पांढरी बाजू काळ्या बाजूकडे सरकत होती आणि तिला कोणी थांबवू देत नव्हतं.

शहाऐंशी साली एकदाचा दांडा कोर्टासमोर आला. मधुकररावांनी तो उचलून धरला. न्यायाधीशांनी चष्मा पुसून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. आनंदराव संशयाचा फायदा देऊन सुटला. मधुकरराव म्हणाले, जिंकलो. गाव म्हणालं, सुटला म्हणजे दांडा सोडला नव्हता असं थोडीच हाये.

घरी आल्यावर आनंदराव बराच वेळ आपला पंजा पाहत बसला.

"सुमन, मी हात सोडला होता काय वो?"

"असं काय बोलता? दांडा चिरला होता. मी डोळ्यानं पाह्यलं."

"तू पाह्यलं. मले आता आठवतच नाही. इतक्या जणांनी सांगतलं, आता मले तसंच दिसते."

ती उठून सेवकरामकडं गेली. काळ्या-पांढऱ्याचं सगळं त्याला सांगितलं. त्यानं मध्येच तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "तू त्याची बायको, सुमनबाई. तू दुसरं काय सांगशीन?"

दांडा संपला, डोमा तुमच्याच खात्यात चिकटला, तो कशाला बोलेल, आनंदरावला स्वतःचंच खरं वाटेना. आनंदरावनं चिरेचं आधीच सांगितलं होतं, हे कानांनी ऐकलेली दोनच माणसं उरली. एकीवर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरे तुम्ही.

परवा ती तुमच्या फाटकाशी आली होती. साहेब पूजेला बसलेत, असं आतून सांगण्यात आलं. ती उन्हात थांबली. पूजा काही आटोपली नाही. तुम्ही पडद्याआडून पाहत होता, तिला दिसलं. ती ओरडली ते तुम्हाला ऐकू गेलं असेलच, तिचा आवाज अजून तसाच आहे.

"माह्या नवऱ्यानं तुमाले सांगतलं होतं का नव्हतं? हो म्हणा, नाही तं नाही म्हणा. पण बोला!"