मानेवरची पांढरी माती

मिठासाठी नदीपल्याड शत्रूच्या मुलखात गेलेल्या बायका परतायच्या होत्या, त्या दिवशी अनुंबाच्या घशाखाली सकाळपासून काही उतरेना. उतरायला होतं तरी काय म्हणा, उकडलेला कसाव्याचा कंद, तोही अळणी. पण नायजेरियातून फुटून लढणाऱ्या बियाफ्राच्या त्या छावणीत कुणी ताटली मागे सारली की समजायचं, गडी एक तर आजारी आहे, नाहीतर त्याचं डोकं फिरलंय.

"दे इकडे," इकेदी म्हणाला. रात्री दोघे शेजारी झोपत, त्यामुळे त्याला काहीही बोलायची मुभा होती. "बाळंतपण बायकोचं आणि कळा ह्याला."

"तू गप खा."

छावणी म्हणजे एक पडकी शाळा. तिचं छप्पर विमानांनी कधीच उडवलं होतं. फळ्याखाली झोपायचं, दिवसभर खंदक खणायचे आणि वर घरघर ऐकू आली की त्यातच उड्या टाकायच्या. ह्या सगळ्याचं अनुंबाला आता काही वाटेनासं झालं होतं. त्याचा जीव टांगणीला लागला होता तो उझोआमाकासाठी. तिचे दिवस भरत आले आणि नेमकं तेव्हाच तिचं गाव शत्रूच्या ताब्यात गेलं. पहिल्या खेपेला मूल पोटातच गेलं होतं आणि तीही जाता जाता वाचली, ती केवळ तिच्या आईमुळे. त्यांच्याकडे बाळंतिणीची आईच येते, मिरी घातलेलं तिखटजाळ सार पाजते, पोट शेकते, लेकीला उभी करूनच घरी जाते. पण गेल्या साली भर बाजारावर बॉम्ब पडला आणि त्यात म्हातारी गेली. अनुंबाने हे छावणीत कुणाला सांगितलं नव्हतं. जो तो आपल्या घरचं कुणी ना कुणी पुरून आला होता, सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण?

गेल्या बाजाराला त्याने न्वान्येकेला वाटेत गाठलं होतं. मीठवाल्या बायकांमधली ही सगळ्यांत वडीलधारी, तोंडाने फटकळ. बायकोचं नाव आणि घराच्या खुणा सांगण्यापुरताच वेळ होता. कॅप्टनला ह्या बायका हेर वाटत, त्यांच्याशी बोलताना कुणी दिसला तर चामडी लोळवीन म्हणून त्याने बजावलं होतं. तेव्हा अनुंबानेच एक खूण ठरवली. सुखरूप बाळंतपण झालेल्या घरी भेटायला गेलेली बाई निघते ती मानेला पांढरी माती लावून, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मावशी, दोघं सुखरूप असली तर येताना माती लावून या. मी लांबूनच बघेन."

"आणि नसली तर?"

"तर नका लावू."

"भलतंच काम गळ्यात मारतोस बाबा," असं म्हणत ती निघून गेली होती.

खूण त्याला तेव्हा मोठी हुशारीची वाटली होती. आता मात्र वाटत होतं, मान कोरी दिसली तर? दुपारी दोन लॉऱ्या येऊन उभ्या राहिल्या. आजच पुढच्या आघाडीवर निघायचं होतं. बायका आधी येतात की लॉऱ्या आधी सुटतात, एवढंच तो बघत बसला. कॅप्टन एका लॉरीच्या चालकावर खेकसत होता, तिचं इंजिन काही केल्या चालू होईना. अनुंबाने आयुष्यात पहिल्यांदा बिघडलेल्या इंजिनाचे आभार मानले.

तेवढ्यात झाडीतून बायका निघाल्या. डोक्यावर टोपल्या, अंग चिखलाने भरलेलं. न्वान्येके सगळ्यांत शेवटी होती आणि तिच्या मानेवर पांढरेफटक पट्टे होते.

अनुंबा मटकन खाली बसला. खूण फक्त इकेदीला ठाऊक होती, त्यानेच बोंब ठोकली, "बाप झाला रे! आपला अनुंबा बाप झाला!" मग काय विचारता! दाढीमिशावाले सगळे गडी बायकी आवाज काढून बाळंतघरची गाणी म्हणायला लागले, कमरा हलवायला लागले. कॅप्टन अजून इंजिनापाशीच अडकला होता, ते बघून दोघातिघांनी न्वान्येकेला हाताला धरून ओढतच आणली.

"मावशी, मुलगा की मुलगी?" अनुंबाने विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

बाईचा हात मानेकडे गेला. बोटांना लागलेली माती तिने बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम उतरला, पण लगेच तिने तो सावरला.

"मुलगी," ती म्हणाली.

"आणि उझोआमाका?"

"बरी आहे रे. थकलीय, पण बरी आहे. उगाच घोर लावून घेऊ नकोस. तिची आई आहे ना उशापायथ्याशी. दोन्ही वेळ सार पाजतेय म्हातारी, मिरीचा वास पार रस्त्यापर्यंत येतो."

अनुंबाला बाजारावर पडलेला तो बॉम्ब आठवला. मागे गाणी चालूच होती. ती मात्र थांबेना. पोर गुटगुटीत आहे, कान अगदी तुझ्यासारखे आहेत, आजीच्या मांडीवरून उतरत नाही, असं काय काय सांगत सुटली. वाटेत कुठल्या तरी बाळंतघरी तिने पाणी मागितलं असेल, तिथल्या बायांनी रीतीप्रमाणे माती फासली असेल आणि ठरलेली खूण तिच्या डोक्यातून पार गेली असेल. उझोआमाकाच्या गावी पोचलीच नाही ही. की पोचली, आणि तिथे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं? त्याला तिचे खांदे धरून विचारायचं होतं. पण खरं ऐकायची छाती त्याला होईना.

इंजिन धडधडलं. शिट्टी वाजली.

"मावशी," त्याने मान वाकवली, "मलाही लावा."

तिने आपल्या मानेवरची माती बोटांनी पुसून त्याच्या मानेला लावली. कुणाच्या का बाळाची असेना, पण माती खरी होती.

"रडतोस काय वेड्या," लॉरीत चढता चढता इकेदीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "नाव काय ठेवायचं पोरीचं, ते सांग."

अनुंबाने खाली उभ्या असलेल्या न्वान्येकेकडे बघितलं.

"आजी ठेवेल की," तो म्हणाला. "तिच्यापाशीच तर आहे."