सतरा नंबरच्या घरातली रेषा

गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं, ती जागा बोट ठेवून दाखवली तर भूगोलाच्या बाईंना तीन गोष्टी मिळणार होत्या: विभागातली कायमची नोकरी, खिडकीजवळचं टेबल आणि विभागप्रमुखांचं उतरलेलं तोंड. तिसरीसाठी पहिल्या दोन्हींवर पाणी सोडायची त्यांची तयारी आहे, असं त्यांचा नवरा म्हणायचा.

प्रमुखांचं म्हणणं, अशी रेषा नसतेच. असतो तो पट्टा, धड गाव नाही धड शहर नाही असा. बाईंच्या मते ‘पट्टा’ हा आळशी माणसाचा शब्द होता. पण शिरगणतीचे तक्ते, रस्त्यांची रुंदी, घरांची दाटी असं सहा वर्षं चाळूनही रेषा हाती लागली नव्हती. ती सुचली दारात आलेल्या दूधवाल्याकडे बघताना. त्याच्या गाडीत एका बाजूला कॅन, दुसऱ्या बाजूला डेअरीच्या पिशव्या. गावाकडच्या घरांतून तो दूध घेत यायचा, शहराकडच्या घरांना पिशव्या देत जायचा. त्याला दूध घालणारं शेवटचं घर आणि पिशवी घेणारं पहिलं घर, यांच्यामध्ये रेषा! सहा वर्षं हे कसं सुचलं नाही म्हणून स्वतःवर चिडायलाही बाईंना सवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन गाडीत.

सोळा घरं झाली, सोळाही घालणारी. सतराव्या दारी एका सासूबाईंनी एकुलत्या एका गाईचं दूध मापून दिलं आणि देता देता गाईचं असं कौतुक केलं की सुनेच्या वाट्याला तेवढं कधी आलं नसावं. बाईंनी लिहिलं: सतरा, गाव. गाडी वळसा घालून मागच्या गल्लीत शिरली. तिथे ऑफिसच्या कपड्यांतली एक तरुणी झाकलेलं पातेलं घेऊन उभी होती. पातेलं कॅनमध्ये रिकामं झालं, दोन पिशव्या तिच्या हाती गेल्या. दूधवाल्याने मान वर केली नाही. बाईंनी केली, आणि दारावरचा नंबर वाचला. सतरा.

म्हणजे रेषा दोन घरांमधून जातच नव्हती. ती स्वयंपाकघरातून जात होती.

सूनबाई शहरातल्या आहेत, घरासाठी राखलेल्या गाईच्या दुधाचा त्यांना वास येतो, आणि बाई, हे आपल्यातच राहू द्या, असं दूधवाला खालच्या आवाजात सांगू लागला. पण ऐकायला बाई गाडीत होत्या कुठे? त्या पळतच त्याच घराच्या पुढच्या दारी पोचल्या होत्या.

“आजी, किती वर्षं चाललंय हे? पुढून दूध घालायचं आणि मागून पिशव्या घ्यायच्या?”

सासूबाईंच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग आत सुनेकडे, मग कपात.

“चार वर्षं,” आतून सून म्हणाली. थाप मारायला उसंतच नव्हती.

सासूबाईंनी एक घोट जिभेवर घोळवला. “चार वर्षं मी या चहाला नावाजतेय,” त्या म्हणाल्या. “घरच्या गाईची चव म्हणून.”

सुनेवर रागावल्या असत्या तर दोन दिवसांत निभावलं असतं. त्या रागावल्या स्वतःच्या जिभेवर. मंगळवारी गाय सोळा नंबरला विकली गेली.

बाईंना हे कळलं ते नेमकं प्रमुख रेषा तपासायला आले तेव्हा. तिघं दाटीवाटीने गाडीत. सतरा नंबरला सासूबाईंनी पुढच्या दारातून हात पुढे केला, पिशव्या घ्यायला.

“कुठे गेली तुमची रेषा?” प्रमुखांनी गोडीत विचारलं.

बाईंनी दूधवाल्याला दोन प्रश्न विचारले आणि त्यांचे कान तापले, मग डोळे चमकले.

“अर्धं घर सरकली, सर. मंगळवारी. शहर अमुक वारी वाढलं, असं आजवर कुणी सांगितलंय?”

प्रमुखांनी पेन काढलं. “कशामुळे सरकली?”

“मी विचारलं म्हणून,” बाई म्हणाल्या, आणि तेही त्यांनी शोधनिबंधात लिहिलं.

बाईंना नोकरी मिळाली, टेबलही. प्रमुखांचं तोंड काही उतरलं नाही. ते आता सभांमधून ‘आमची रेषा’ म्हणतात. सुनेची चोरी संपली, सोळा नंबरला गाय आली, दूधवाल्याचा कॅन पूर्वीइतकाच भरतो. सासूबाई रोज सकाळी सोळा नंबरच्या कुंपणाशी जाऊन गाईच्या कपाळावरून हात फिरवून येतात, आणि चहा कोरा पितात.