उंदीर काय खात होता

इरानं सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली आणि आईसाठी स्टूल थोडं खाली केलं.

"चष्मा काढू?"

"काढ. आणि दोन्ही डोळे उघडे ठेव."

इराची आई वसुंधराबाई सयाजीगंजच्या या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आल्या होत्या, तेही न कळवता, रिक्षा करून. बाबांच्या हृदयाच्या धमनीत बसवलेली स्प्रिंग वर्षाच्या आत पुन्हा बुजली आणि ते गेले. तेराव्याला पंगत बसलेली असताना दुर्गाआत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "दादाला वहिनीच्या तुपानंच नेलं." त्या दिवसापासून घरातली फोडणी बंद होती. आई कुणाला काही बोलली नव्हती. आल्यागेल्यालाही ती उकडलेल्या भाज्या वाढत होती.

शेजारच्या टेबलावर इराच्या सोबत काम करणाऱ्या शिवांगीनं आईचा डबा उघडून घास घेतला होता. तिनं गुजरातीत विचारलं,

"मासी, दूधीमां मीठुं भूली गया के शुं?"

"मीठुं छे. तेल नथी," आई डोळा न हलवता म्हणाली. मग इराला, "बांगडी दिसतेय. काठाला नागमोडी रेघा."

"ती उंदराची धडधाकट रक्तनळी. आता ही बघ. हिच्यात फुगा घालून आतलं अस्तर खरवडलंय."

आई बराच वेळ बघत राहिली. "भोकच उरलं नाही."

"इजा झाली की तिथं एक प्रथिन सुटतं. ते भिंतीतल्या स्नायूंच्या पेशींना आत बोलावतं. त्या येतात, वाढतात, जखम बुजवतात. दुसरं एक प्रथिन त्यांना थांबवतं. ते कमी पडलं, की त्या वाढतच राहतात."

"म्हणजे वाढपी वाढताहेत आणि पुरे म्हणायला पंगतीत कुणी नाही."

"तसंच."

"हा उंदीर काय खात होता?"

आई रिक्षा करून का आली, ते इराला आत्ता कळलं.

"कोरड्या गोळ्या. सगळ्यांना त्याच."

"तूप?"

"नाही."

"तेल?"

"आई, उंदराला फोडणी कोण घालतं?"

शिवांगी फिसकन हसली. आई हसली नाही.

"मग ह्यांचं पहिल्यांदा का तुंबलं?"

एक सोपं उत्तर इराच्या जिभेवर होतं. ते दिलं असतं, तर आज संध्याकाळी घरात मोहरी तडतडली असती. तिनं हातमोजे काढून टेबलाच्या कडेला ठेवले.

"त्यात खाण्याचा वाटा असतो. सिगारेटचा असतो, घराण्याचा, वयाचाही. बाबांच्या बाबतीत कुणाचा किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"आत्यांनाही?"

"त्यांना तर नाहीच."

आईनं मान हलवली. "आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा नळी स्वतःची डागडुजी करत होती."

आई पुन्हा वाकली. या वेळी तिनं बारीक चाक स्वतःच फिरवलं, आधी चुकीच्या दिशेनं, मग बरोबर.

"म्हणजे हे बरे होत होते," ती म्हणाली.

दुरुस्ती करण्याऐवजी इरानं पुन्हा काचेकडे पाहिलं. इतके दिवस ती याच काचा बघत होती, पण त्यात बरं होणं तिला दिसलं नव्हतं.

"ते थांबवणारं प्रथिन जास्त असलेला उंदीर आहे का तुमच्याकडे?"

"आहे. पण अजून जिवंत आहे तो."

"त्याची नळी उघडी असेल?"

"माहीत नाही. तेच बघायचंय."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."

वसुंधराबाईंनी चष्मा चढवला, पदर सारखा केला.

"कापताना नको," त्या म्हणाल्या. "काच तयार झाली की बोलाव."